घेऊन टाक

फोटो आला तसे पेलाजियाने मिठाचे हात झग्याला पुसले आणि लेकीला लिहून टाकलं, ‘छान आहे गं. घेऊन टाक.’

फोटो तिने पाहिलाच नव्हता. तिचा फोन कायम फुकटातल्या मेसेजवर चालायचा. फुकटात नुसती अक्षरं येतात, फोटोच्या जागी राखाडी चौकोन दिसतो. टासिंगच्या दुकानातून लोड, म्हणजे फोनचा रिचार्ज, टाकलं की चौकोन उघडतो, पण लोडचे पैसे मासळी खारवायच्या मिठातून काढावे लागतात. आता सेबूच्या हॉटेलात दिवसभर चादरी धुणाऱ्या लुवीला ‘दिसत नाही’ म्हणून कसं सांगायचं? म्हणून पेलाजिया प्रत्येक चौकोनाला छान म्हणायची. बहुतेक वेळा झगा असायचा, नाहीतर चपला. आजवर निभावून गेलं होतं.

लुवी आईला नानाय म्हणायची. तिचं उत्तर आलं, ‘ठरलं तर, नानाय. मी रोडेलला लग्नाला हो कळवते.’

पेलाजिया मटकन मासळीच्या टोपलीवरच बसली.

खरं तर पोरं नाकारण्यात तिचा हातखंडा. एकाचे कान पसरट, दुसऱ्याच्या हिरड्या दिसतात. मागे एकदा जत्रेला घरी आलेल्या लुवीने आपल्या फोनवर एकाचा चेहरा दाखवला, तर भुवया जुळलेल्या पाहून हिने नावही विचारलं नाही. असली माणसं हेकट असतात, म्हणाली, आणि विषय संपवला. लुवी त्या दिवशी जेवली नव्हती. त्यानंतर तिने कुणाचं नावच काढलं नाही. आणि आता हा रोडेल! कोण, कुठला, देव जाणे. एकुलती एक लेक, बाप दर्याने नेलेला. पोराला झगा समजून आईनेच तिला देऊन टाकलं होतं.

खरं सांगावं तर आजवरचे सगळे ‘छान’ उघडे पडणार. पेलाजियाने वेगळीच वाट धरली. मेसेज फुकट, आणि फुकट ते पौष्टिक. तिने लुवीकडे रोडेलचा नंबर मागितला. पोराला बोलतं करायचं, खोट काढायची आणि लग्न मोडायचं, असा तिचा बेत होता.

दारू पितोस का, हा पहिलाच प्रश्न. रोडेलने लिहिलं, ‘सणाला पितो, नानाय. मग गातो. पिण्यापेक्षा ते वाईट.’

तोही फुकटातलाच गडी निघाला. फोटोंच्या भानगडीत पडायचा नाही, डोळ्यांपुढचं लिहून कळवायचा. आज जेटीवरच्या बोटीला वेल्डिंग केलं, मालकाने तिला नवरीसारखी सजवलीय. लुवीने केस कानापर्यंत कापलेत, तुम्हाला सांगू नको म्हणालीय. लेकीचे झगे न बघता वाखाणणाऱ्या पेलाजियाला ते कापलेले केस मात्र लख्ख दिसले. पावसाची झड लागली की मासळी कुठे वाळवता, असंही त्याने एकदा विचारलं. नवरा गेल्यापासून हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने चुलीवरच्या माळ्याची सगळी हकिगत लिहिली. तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

खोट काढायची राहूनच गेली. मासळी उलटताना ती एकटीच हसायची आणि टासिंग दुकानातून टकामका बघत राहायची. शेवटी एके सकाळी पेलाजियाच तिच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. म्हणाली, “लोड टाक गं. जावयाचं तोंड बघायचंय.”

फोटो जुन्या मेसेजांत वर जाऊन शोधावा लागला. चौकोन हळूहळू उघडला. आधी कपाळ आलं. मग भुवया आल्या, एकमेकींना चिकटलेल्या.

पेलाजियाने घाईघाईने लुवीला लिहिलं, ‘अगं, हा तर तोच!’

‘म्हणजे आज लोड टाकलंस,’ लुवीचं उत्तर आलं. ‘तू फुकटात असतेस हे मला केव्हापासून ठाऊक आहे, नानाय. म्हणून तर फोटो पाठवला.’ आणि थोड्या वेळाने, ‘पण तू म्हणालीस ते खरंय. हेकट आहे. तू नको म्हणालीस तरी थांबून राहिला.’

पेलाजियाने फोन उन्हातून सावलीत नेला. त्या भुवया डोळे भरून पाहिल्या. मग लिहिलं, ‘घेऊन टाक.’