मुलांच्या वतीने

लग्नाचं नाव न काढणाऱ्या मुलांसाठी क्योतोत हल्ली आईबापच एकमेकांना भेटतात. तशाच विधवा किनुएबाई देवळाच्या जुन्या बागेत जेवायला गेल्या. समोर मुलीचे वडील, विधुर शिगेमात्सु. मधे मातीच्या भांड्यात शिजणारा तोफू.

"आमची काही ऐकतच नाही," शिगेमात्सु म्हणाले.

"आमचाही तसलाच. चाळिशी उलटली, पण घाई म्हणून नाही."

"अहो, तोफू डुलायला लागला! आता थांबलं की निबर होतो," म्हणत त्यांनी तो अलगद उचलून किनुएबाईंच्या वाटीत वाढला.

बागेतले मेपल लाल झाले, तरी बोलणी चालूच होती.

शेवटी मुलगा वैतागला, "आई, एक नकार कळवायला इतक्या भेटी?"

"नकार कशाला? जमलं की. पोरगी गुणाची आहे. बहीण म्हणून शोभेल तुला."