गोटाचं कापड

दवाखान्यातून परत आली त्याच दुपारी बायकोने माझ्यासाठी गोधडी शिवायला घेतली. मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, तेवढाच जिवाला विरंगुळा.

"कापड किती लागेल ते मांडा," ती म्हणाली. "लांबी दोनदा, रुंदी दोनदा, कोपरे मुडपायला वर वीतभर. एवढं कडेच्या पट्टीचं, म्हणजे गोटाचं."

मी बेरीज केली आणि खोट तिथेच सापडली. आमच्याकडे गोटाचं कापड कायम दुप्पट येतं. गोधडी जन्मभर टिकते, पण गोट घासून घासून आधी विरतो. मग ट्रंकेत जपून ठेवलेलं तेच कापड काढून ती नवा गोट घालते. इतक्या वर्षांनी दुकानात जुळतं कापड थोडंच मिळतं?

"अगं, गोटाचं दुप्पट करायला विसरलीस की!"

"विसरले नाही. पुढे नवा गोट घालणार कोण? एकदाचंच आणा."

मी तिच्याकडे बघितलंच नाही. पिशवी घेतली आणि तडक दुकानात गेलो. तिचं ऐकतोय कोण! दुप्पटच फाडून घेतलं आणि घरी येऊन तिच्या पुढ्यात आपटलं.

तिने कापड उलगडलं, मापलं, पुन्हा नीट घडी घातली. भांडेल असं वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने माझी रोज पांघरायची जुनी गोधडी मांडीवर ओढली आणि सुई माझ्या हातात दिली.

"बसा इथे. विरलेला गोट उसवायचा कसा, ते आधी दाखवते."