उत्तरेकडचा अर्थ

एडनाने ती चिठ्ठी तिसऱ्यांदा वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

इंग्रजी शब्दकोशाच्या कचेरीत ‘व्हाइल’ हा शब्द तिच्या वाट्याला येऊन सात महिने झाले होते. एवढासा शब्द, पण त्याच्या वापराची उदाहरणं लिहून लोकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्यांनी चार खोकी भरली होती. अगदी मुळाशी त्याचा अर्थ विसावा. पुढे झाला थोडा वेळ. मग वेळ घालवणं. मग ‘जोवर अमुक आहे, तोवर’. मान आखडायची, डोळे चुरचुरायचे, आणि शब्द काही संपत नव्हता.

ही चिठ्ठी उत्तरेकडच्या यॉर्कशायरमधल्या एका शिक्षकाची होती. ‘आमच्या भागात या शब्दाचा अर्थ होतो, होईपर्यंत. थांब, व्हाइल मी येतो, म्हणजे मी येईपर्यंत थांब.’

एडनाचे वडील यॉर्कशायरचेच, दगडाच्या खाणीतले. आई गेली तेव्हा एडना चार वर्षांची होती. तिला दक्षिणेत मावशीकडे ठेवलं, त्यामुळे बापाची बोली तिच्या कानात कधी बसलीच नाही. पुढे युद्धात तिचा भाऊ मारला गेला. तिचं मन जडलेला लायनेल मात्र बंदूक हातात घेणार नाही म्हणून तुरुंगात गेला होता. त्याच्याशी लग्न ठरल्याचं तिने कळवलं, तेव्हा बापाचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘या घरी येऊ नकोस, व्हाइल तुझं लग्न.’

लग्न आहे तोवर येऊ नकोस, असं तिने वाचलं. पंधरा वर्षं ती गेली नाही.

आणि त्यांना म्हणायचं असेल, लग्न होईपर्यंत येऊ नकोस? म्हणजे, लग्न करूनच ये?

शनिवारी ती आणि लायनेल बापाच्या घरी निघाली. लायनेल फाटकापाशीच थांबला. “आधी तू जा,” तो म्हणाला.

बापाने दार उघडलं. पार वाळून गेला होता. एडनाने उंबऱ्यातच सगळं भराभरा सांगून टाकलं. तो शब्द, ती चिठ्ठी, ते दोन अर्थ.

“मीच चुकीचं वाचलं, बाबा. पंधरा वर्षं वाया घालवली.”

म्हाताऱ्याने दाराची चौकट धरली.

“चुकीचं नाही वाचलंस, पोरी,” तो म्हणाला. “मावशीकडं वाढलेली तू. आमची बोली तुला कळायची नाही, म्हणून मुद्दाम तुमच्याकडच्याच अर्थानं लिहिलं होतं मी.”

प्रवासाचा सगळा शीण एकदम एडनाच्या अंगावर आला.

म्हाताऱ्याने तिच्या खांद्यावरून फाटकाकडे पाहिलं. लायनेल टोपी हातात धरून वाऱ्यात उभा होता. त्याचेही केस पिकले होते.

“पण आता तू म्हणतेस तोच अर्थ धरू,” म्हातारा म्हणाला. “बोलाव त्याला आत.”