गालाला टोचायला नको

छगननं गाडीवर शेवटची बादली ओतली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की पुसायला कापडच नाही.

ऊन चढत होतं. तिसगावातलं बोअरचं पाणी जड. काळ्या रंगावर ते वाळलं की पांढरे डाग धरतं, आणि डाग काही केल्या निघत नाहीत. गाडी ओमची. ओम हा छगनचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेला. आज त्याच गाडीतून छगन आपल्या सुनेला, ज्ञानेश्वरीला, नेवाशाला घेऊन जाणार होता. दुपारी तिचं दुसरं लग्न होतं. स्थळ छगननंच पाहिलं होतं. भावकीनं नावं ठेवली. ती त्यानं एका कानानं ऐकली आणि दुसऱ्या कानानं सोडून दिली.

रतनबाईला मात्र असं काही सोडून देता येत नव्हतं. लग्न ठरल्यापासून ओमची आई सुनेशी एक शब्द बोलली नव्हती. ताट वाढायची, वाळलेल्या साड्यांच्या घड्या करून ठेवायची, पण तोंड उघडायची नाही. राग नव्हता तो. सून गेली की घरात ओमचं नाव काढायला कोणी उरणार नाही, या भीतीनं तिची वाचाच बसली होती. ज्ञानेश्वरीला हे कळत होतं, म्हणूनच तिचा पाय निघत नव्हता. नवी साडी नेसून ती ओट्यावर बसून होती. “आई बोलल्याबिगर मी गाडीत बसनार न्हाई,” असं तिनं सकाळीच सासऱ्याला सांगून टाकलं होतं.

छगन आत गेला आणि कपाट उघडून उभा राहिला.

ओम असता तर कापडावरून घर डोक्यावर घेतलं असतं. टॉवेल आणला की तो आधी लेबल कापायचा. जाड शिवणीचा काठ असलेला टॉवेल गाडीच्या आसपास फिरकू द्यायचा नाही. एकदा जमिनीवर पडलेलं कापड परत गाडीला लावायचा नाही. बारीकसा खडा अडकला तरी रंगावर चरा. बाजारात टॉवेल घेताना तो गालावर फिरवून बघायचा आणि दुकानदार तोंड फिरवून हसायचे. रतनबाई म्हणायची, “आरं, गाडी हाय का तान्हं लेकरू?” त्याचे ते खास मऊ टॉवेल छगननं पुढे ट्रॅक्टरचं ग्रीस पुसायला घेतले. पोटचा मुलगा गेल्यावर आपण कशानं काय पुसतोय, हे त्याला बरेच दिवस कळत नव्हतं.

कपाटात टॉवेलांची एक चळत होती. ओमच्या दशक्रियेला सोयऱ्यांनी टोपीबरोबर दिलेले, दुखवट्याचे टॉवेल. असले टॉवेल कोणी वापरत नाही आणि कोणी टाकूनही देत नाही. खळीनं कडक झालेले, काठाला चमकी, कोपऱ्यात स्टिकर. छगननं वरचा टॉवेल उचलला आणि अंगणात येऊन गालाला लावून पाहिला. दाढीच्या खुंटांना काय कळणार? पण कळलं. टोचला.

बॉनेटवरचं पाणी आटत चाललं होतं. दुसरा इलाजच नव्हता. त्यानं टॉवेल झटकला आणि हात पुढे केला.

“थांबा.”

रतनबाई दारात उभी होती. “त्यो टॉवेल लावू नगा त्याच्या गाडीला. चरे पडत्याल.”

एवढं बोलून ती आत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. ज्ञानेश्वरी ओट्यावरून उठून उभी राहिली.

रतनबाई बाहेर आली ती दोन दुपटी घेऊन. तिच्याच जुन्या लुगड्यांची होती ती. तान्ह्या अंगाला रुतू नयेत म्हणून काठ फाडून काढलेले, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. ओम या दुपट्यांत वाढला. पुढे ओमच्या लेकराला होतील म्हणून तिनं ती जपून ठेवली होती. ते लेकरू झालंच नाही.

एक दुपटं तिनं खांद्यावर टाकलं. दुसरं टपावर पसरलं. घासलं नाही. ओम करायचा तसंच, दोन कोपरे धरून ते हळूहळू आपल्याकडे ओढू लागली. टप रुंद, तिचे हात तोकडे. ज्ञानेश्वरीनं चपला काढल्या, पदर खोचला आणि पलीकडे जाऊन उरलेले दोन कोपरे धरले. दोघी दुपटं ओढत मागे सरकत गेल्या. दुपट्यामागं काळा रंग कोरडा होत गेला. छगन हातात टॉवेल घेऊन नुसता बघत राहिला. त्याला रडू येत होतं आणि ते त्यानं येऊ दिलं.

“दुसरं बी घे की,” तो शेवटी म्हणाला. “मागची काच ऱ्हायलीय.”

“ते न्हाई,” रतनबाई म्हणाली. तिनं हातातलं ओलं दुपटं पिळलं, झटकलं आणि त्यानंच काच पुसली. एकही डाग राहिला नाही.

मग तिनं खांद्यावरचं कोरडं दुपटं काढलं. ते स्वतःच्या गालावरून फिरवलं. मग सुनेच्या गालावरून फिरवलं. त्याची नीट घडी घातली, ज्ञानेश्वरीचा खोचलेला पदर सोडवून पुढे धरायला लावला आणि ती घडी तिच्या ओटीत ठेवली.

“तान्ह्याला नवं कापड टोचतं, पोरी,” ती म्हणाली. “हे संगं ने.”