आबा निघालेत

शेवंतानं वडिलांची राख ओढ्यात सोडली. पाणी खळखळत पुढं गेलं, राख मात्र जागच्या जागी पडून राहिली.

खरं पाणी केव्हाच पाइपांतून शहराकडं गेलं होतं. पण पर्यटकांना ओढा हवा होता, म्हणून कंपनीनं काठानं खांब रोवले. त्यांतून दिवसभर प्रकाशाचं पाणी वाहायचं, आवाजासकट. "मला आपल्या ओढ्यातच सोड. वाटेत बहीण भेटंल," एवढंच आबा शेवटी बोलले होते.

फोन वाजला. खालच्या वाडीतून द्रुपदाआत्या बोलत होती. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं, आणि ओढा आटल्याचं तिला सांगायचा धीर कुणालाच झाला नव्हता.

"शेवंते, निघाला का गं दादा? मी कवाधरनं फुलं घेऊन काठाला हुबी हाय. पाणी जोरात चाललंय, मला ऐकू येतंय की."

"आबा निघालेत, आत्या. थांब तिथंच."

तिनं वाकून राख पदरात भरून घेतली आणि ओढ्याच्या मधोमध खालच्या वाडीकडं चालू लागली. पाणी गुडघ्यापर्यंत होतं, पण साडीचा काठसुद्धा भिजत नव्हता.