भैरूचे बिल्ले

लढाईमुळे सुटी नाणी बाजारातून गडप झाली, तेव्हा सुपा गावचा दुकानदार भैरू सुट्याऐवजी पत्र्याचे बिल्ले देऊ लागला. अर्ध्या आण्याला एक. बिल्ला परत आणला की तेवढा माल मिळे. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून प्रत्येकावर तो खिळ्याने ठोकून वेगळं चित्र काढायचा.

डोंगरावरच्या दिग्गी गावच्या फुला नावाच्या पोरीने त्यातला एकही परत दिला नव्हता. दर रविवारी ती आणा पुढे करून अर्ध्याच आण्याचं मीठ घ्यायची आणि बिल्ल्यासाठी हात पसरायची. मोर झाला, मासा झाला, शेकरू झालं. अकरा बिल्ले तिने दोऱ्यात ओवले होते.

“आज काय काढलंसा?” दुकानात पाय ठेवायच्या आधीच तिचा प्रश्न यायचा.

त्या रविवारी ती डोंगर धावतच उतरली. बाजारात एकच गलका होता. बेळगावहून सुट्या नाण्यांच्या थैल्या आल्या होत्या! शेजारचा दुकानदार बिल्ले परत घेऊन खणखणीत नाणी देत होता. भैरूचा गल्लाही काठोकाठ भरलेला दिसला आणि फुलाचं तोंड उतरलं.

तिने आणा पुढे केला. भैरूने मीठ बांधलं, इकडेतिकडे पाहिलं आणि खिशातून एक बिल्ला काढला. त्यावर जाईची वेल होती.

“सुटं न्हाई,” तो म्हणाला.

फुलाने गल्ल्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“फुडच्या ऐतवारीबी नसंलच न्हवं?”