तारामती नावाची बाई

लोह्याच्या आदिनाथला साठीत कळलं, की त्याची माय तो चार वर्षांचा असताना वारलीच नव्हती. अंथरुणाला खिळलेल्या आत्यानं शेवटी तोंड उघडलं. डोक्यावर परिणाम झाला म्हणून मायला मनोरुग्णालयात नेऊन सोडलं होतं, अन् घराण्याची अब्रू जाऊ नये म्हणून तिथं माहेरचं नाव लिहिलं होतं. गावात ती सरजाबाई, तिथं तारामती.

मनोरुग्णालयाच्या रेकॉर्डच्या खोलीत तिथल्या धम्मप्रिया मॅडमनी जुनी फाईल शोधून दिली. वर पत्राची प्रत होती: 'रुग्ण तारामती पूर्ण बरी झाली आहे, घेऊन जावे.' त्यानंतर सव्वीस वर्षांनी ती तिथंच वारली होती.

"घरून उत्तरच आलं न्हाई का?"

मॅडमनी पत्रामागं टाचलेलं पोस्टकार्ड दाखवलं. 'आमच्या घरी तारामती नावाची बाई नाही.'

"लेकराचं अक्षर दिसतंय, काका."

आदिनाथनं कार्ड डोळ्यांजवळ धरलं.

"माझंच हाय. तिसरीत होतो. घरात मला एकट्यालाच लिहिता येत होतं. कोण ही तारामती, म्हणून इचारलं बी होतं मी. आज्या म्हणला, पत्ता चुकला असंल त्यायचा."